नळ बदलायला गेलो आणि वाळवी निघाली, आता आधी काय करायचं?

पेठेतली_सून
नमस्कार मंडळी. कोल्हापुरात मंगळवार पेठेत आजेसासऱ्यांनी बांधलेलं घर आहे. खाली दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, वर माडी, मंगलोरी कौलं, मागं बोळ. पंधरा दिवसांपूर्वी न्हाणीतला नळ ठिबकतोय म्हणून प्लंबर बोलावला, त्यानं पाना लावून जरा जोर दिला आणि नळासकट भिंतीतला जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइपच तुटून हातात आला, आतून गंजून नुसती चाळण झालेली. मग भिंत फोडली तर आत सगळी ओल, आणि त्या ओलीतनं वर गेलेली मातीची नळी, थेट माडीच्या तुळईपर्यंत. मी किंचाळलेच. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "ती लई दिवसांची हाय, मी झाडूनं पाडत असते की." म्हणजे त्यांना माहीत होतं!!

त्यानंतर कपाट सरकवलं तर मागची चौकट बोटानं दाबली की आत जातीय, आणि ट्रंकेतल्या सासऱ्यांच्या जुन्या वह्यांचा लगदा झालाय. भरीत भर म्हणून रात्री न्हाणीच्या फरशीखाली काहीतरी उकरल्याचा आवाज येतो. पेस्ट कंट्रोलवाला म्हणतो २२ हजार, आज अॅडव्हान्स दिला तर १८. गवंडी म्हणतो कौलं काढा, स्लॅबच टाका. आमचे हे म्हणतात विकून टाकू. हातात दीड लाख आहेत आणि पाऊस महिन्यावर आलाय. आधी कशाला हात घालू?

गंगावेसकर
ताई पहिलं म्हणजे कुणाला अॅडव्हान्स देऊ नका, "आजच्या आज" म्हणणाऱ्याला तर अजिबात नको. वाळवी काय उद्या घर घेऊन पळून चालली नाही, ती तुमच्या लग्नाच्या आधीपासनं तिथं असंल. आधी पाणी शोधा. घरातले सगळे नळ बंद करा, टाकी भरून घ्या आणि मीटरचा काटा बघा, फिरत असला तर अजून कुठंतरी पाइप गळतोय. आमच्यात स्वयंपाकघराच्या कट्ट्याखाली गळत होतं आणि आम्ही वर्षभर भिंतीला पुट्टी लावत बसलो, दर पावसाळ्यात पोपडे, परत पुट्टी. नुसता येडेपणा. तो एक तुकडा बदलून भागायचं नाही, जुनी जीआय लाइन सगळी सारखीच सडलेली असणार, भिंत फोडलीच हाय तर सीपीव्हीसी म्हणजे प्लास्टिकचा न गंजणारा पाइप टाकून घ्या, पुन्हा फोडायला लागू नये. आणि नवीन लाइन शक्यतो भिंतीवरनं उघडी न्या. दिसायला बरी दिसत न्हाई, पण गळती लगेच दिसती.

रंधा_आणि_पटाशी
मी सुतारकामातला माणूस, म्हणून लाकडाबद्दल सांगतो. सगळीच कीड म्हणजे वाळवी नव्हे. मातीच्या नळ्या आहेत म्हणजे तुमची जमिनीतनं येणारी वाळवी आहे, तिला ओल लागते. पण बारकी गोल भोकं आणि खाली टाल्कम पावडरसारखा भुसा पडत असला तर तो भुंगा, त्याला फरशीला भोकं पाडून औषध मारल्याचा काहीही उपयोग नाही. आणि खसखशीसारखे दाणे पडत असले तर कोरड्या लाकडातच राहणारी वेगळी वाळवी. तेव्हा आधी खाली काय पडतंय ते बघा.

नळी सगळी पाडू नका, मधला बोटभर तुकडा तोडा आणि चार-पाच दिवस बघा. परत बुजवली तर आत जिवंत आहे. (सासूबाईंनी झाडून पाडल्यावर ती परत होत होती म्हणजे उत्तर तुमच्याकडं आहेच म्हणा.)

तुळईचं टोक, जिथं भिंतीत घुसतं, तिथं स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं ठोका. टणक आवाज आला तर ठीक. डबडब वाजलं तर टोच मारून किती आत जातोय बघा. बहुतेक वेळा जुन्या सागवानाचं फक्त टोक गेलेलं असतं आणि मधली सगळी तुळई अजून शंभर वर्षं टिकण्यासारखी असते. टोकाखाली लोखंडी चॅनेल घालून आधार देता येतो, उद्यमनगरात मापानं कापून भोकं पाडून देतात. पण तोवर खाली टेकू लावा आणि माडीवर वजन ठेवू नका. ट्रंका, धान्याचं पिंप, जुनं कपाट, सगळं खाली आणा. हे आजच करा, बाकी सगळं नंतर. चॅनेल किती जाडीचं घ्यायचं ते मात्र इंजिनिअरला दाखवून ठरवा, माझ्यासारख्याला विचारून नको.

चौकट बदलताना लाकूड थेट जमिनीत पुरू नका. आपल्या आज्यांनी खांबाखाली दगडी तळखडा उगीच नव्हता बसवला.

फ्लॅटमधला_सुखी
द्या बिल्डरला आणि मोकळं व्हा. जुन्या घराला पैसा लावणं म्हणजे रंकाळ्यात ओतणं.

गंगावेसकर
@फ्लॅटमधला_सुखी मागच्या महिन्यात तुमच्याच लिफ्टवर केवढं रडलासा ते वाचलंय आम्ही 😄

दुधाळीतला_पाहुणा
स्लॅबचं गवंड्याचं ऐकू नका, निदान लगेच तरी. भिंती पांढऱ्या मातीच्या असतील तर त्या स्लॅबचं वजन पेलतात का हे कोण बघणार? आणखी एक, सिमेंटचा गिलावा. २०१९ च्या पुरात आमच्या घरात पाणी होतं, ओसरल्यावर घाईघाईनं खालच्या चार फुटाला सिमेंट मारून घेतलं, वाटलं आता ओल येणार नाही. झालं उलटं. मातीच्या भिंतीतली ओल बाहेर पडायची वाट आम्हीच बंद केली, ती वर चढली आणि सिमेंट संपलं तिथनं पोपडे निघायला लागले, वर्षभरात चौकटीला वाळवी. शेवटी सगळं खरवडून चुना-वाळूचा गिलावा केला. चुन्यात काम करणारा माणूस मिळायलाच दोन महिने गेले. भिंत वाळू दे आधी, मग गिलावा, मग रंग.

औषधवाली_काकू
मी दोनदा पेस्ट कंट्रोल करून घेतलंय, पहिल्यांदा फसले. नुसतं पंपानं भिंतीवर फवारून गेला, आठ दिवस वास आणि सहा महिन्यांत वाळवी हजर. नीट पद्धत म्हणजे भिंत आणि फरशी जिथं मिळते त्या कडेनं साधारण फुटाफुटावर १२ एमएमची भोकं पाडून आत औषध भरायचं आणि भोकं बुजवायची. कोटेशनवर औषधाचं नाव आणि प्रमाण लिहून मागा, इमिडाक्लोप्रिड ३०.५ टक्केवालं असेल तर लिटरभर पाण्याला २.१ मिली घालतात. डबा तुमच्यासमोर फोडायला सांगा. सामाईक भिंत असेल तर शेजाऱ्यांशी बोला, नाहीतर तुमच्याकडची त्यांच्याकडं आणि परत तुमच्याकडं.

आणि पेठेतल्या घरात आड असतो, तुमच्यात आहे का? असेल तर भोकं पाडायच्या आधी सांगा, वापरात असला तर त्या बाजूला औषध नकोच. कृपा करून हे विसरू नका.

फरशीखालचा आवाज घुशीचा. बोळात ढिगारा काढलेली माती दिसेल बघा. विषाची गोळी टाकू नका, फरशीखाली मेली तर वासानं तुम्हालाच घर सोडावं लागेल. पिंजरा लावा, मोरीच्या तोंडाला लोखंडी जाळी बसवा, आणि बीळ रिकामं झाल्याची खात्री झाल्यावर काचेचे तुकडे घालून काँक्रीटनं भरा. हातमोजे घालून, तिच्या मुतानं लेप्टोस्पायरोसिसचा ताप येतो. वायरिंग जुन्या लाकडी पट्टीवरचं असेल तर तेही बघून घ्या, कुरतडलेली वायर आणि ओली भिंत एकत्र नको. ३० मिलीअँपिअरचं आरसीसीबी (करंट गळायला लागला की वीज तोडणारं बटण) बसवा आणि अर्थिंग तपासा.

पेठेतली_सून
सगळ्यांचे खूप आभार, दहा दिवसांनी सांगतेय. मीटर फिरत नव्हता, म्हणजे पाइप बदलल्यावर गळती थांबली होती, तरी भिंत ओलीच. मग परवा वळीव आला तेव्हा मी छत्री घेऊन बोळात उभी राहिले. शेजारच्यांची पन्हळ फुटलीय आणि त्यांच्या पत्र्याचं सगळं पाणी आमच्या भिंतीवर! काकांना हाक मारून दाखवलं, ते म्हणाले ही तर १० वर्षांपासनं अशीच आहे. पन्हळ निम्म्या निम्म्या खर्चात बदलायची ठरलीय.

तुळई दोन ठिकाणी डबडब वाजली, टेकू लावलाय, इंजिनिअर शनिवारी येणार. आड आहे, पण वापरात नाही, त्यात सासूबाईंचे मासे आहेत, त्यामुळं त्या भिंतीला औषध मारायचं नाही असा त्यांचा हुकूम. घूस एक सापडली, मांजराएवढी. ह्यांनी पिंजरा उचलला आणि तसाच खाली ठेवला, शेवटी मीच रिक्षात घालून नेली. रिक्षावाल्यानं मीटर डबल लावला.

आता एकच सांगा, चुन्याचं काम करणारा कुणी ओळखीचा आहे का, दोन महिने नाही थांबू शकत हो.