स्वरतंतूंवर गाठी: स्ट्रॉच्या व्यायामाने जातात का?

खडूफळा:
जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरी-चौथी एकत्र शिकवते. वर पत्रे, पाऊस लागला की माझं मलाच ऐकू येत नाही. गेले काही महिने आवाज घोगरा झालाय, दुपारनंतर तर फुटतोच. घशाच्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिलं. दोन्ही स्वरतंतूंवर बारीक गाठी आहेत, ऑपरेशन नको, स्पीच थेरपी घ्या म्हणाले. थेरपिस्ट बाईंनी पाण्याच्या ग्लासात स्ट्रॉ धरून 'ऊ' म्हणायला लावलं! घरचे हसतात. याने खरंच काही होतं, की ज्येष्ठमधच बरं?

तंबोरा:
ताई, आठवडाभर मौन धरा. अगदीच अडलं तर कुजबुजा.

स्वरयंत्र:
तंबोरा, कुजबुज नको हो. त्यात बऱ्याच जणांचा गळा जास्तच आवळतो. हळू, पण साध्या आवाजात बोललेलं चालतं.

खडूफळाताई, मी स्पीच थेरपीचंच काम करते आणि शिक्षिका माझ्या नेहमीच्या गिऱ्हाईक! बायकांचे स्वरतंतू बोलताना सेकंदाला साधारण 200 वेळा एकमेकांवर आपटतात. आवाज चढवला की मार वाढतो, आणि जिथे तो सर्वांत जास्त बसतो तिथे घट्टे पडतात, कुदळ धरणाऱ्या हाताला पडतात तसे. म्हणून तर दोन्हीकडे, समोरासमोर.

स्ट्रॉने पुढची वाट अरुंद होते, हवेचा दाब तंतूंच्या वर साचतो आणि ते करकचून न मिटता थरथरतात. आवाज निघतो, मार कमी. अमेरिकेतले आवाजाचे शास्त्रज्ञ इंगो टिट्झे यांनी यामागचं भौतिकशास्त्र मांडलंय. फिनलंडमध्ये त्याआधीपासून काचेची नळी पाण्यात धरून हेच करत. स्ट्रॉचं टोक एक-दोन सेंटीमीटर बुडालं तरी पुरे. हसणाऱ्यांनाही एकेक स्ट्रॉ द्या.

ज्येष्ठमध अन्ननलिकेत जातं, तंतू श्वासाच्या वाटेवर. खवखव कमी वाटेल, गाठीला ते शिवतही नाही. पाणी पीत राहा आणि सारखं खाकरणं सोडा.

पण वर्गात ओरडणं तसंच राहिलं तर बिचारी स्ट्रॉ काय करणार? गोंगाटात माणूस नकळत आवाज चढवतोच. याला लोम्बार्ड परिणाम म्हणतात. कमरेला लावायचा छोटा माईक-स्पीकर घ्या, मुलांना गप्प करायला टाळी वाजवा, पावसाची सर आली की लेखनकाम द्या. सवय न बदलता ऑपरेशन केलं तर गाठी परत येऊ शकतात, त्यामुळे डॉक्टरांचं पटतंय मला.

नदीकाठ:
मध्येच विचारतो. बाबांना पार्किन्सन्स आहे. आवाज इतका बारीक झालाय की फोनवर आत्याला कळत नाही. त्यांनाही स्ट्रॉ?

स्वरयंत्र:
त्यांचं गणित उलटं आहे, दादा. त्यांना मोठ्याने बोलायला शिकवायचं. अमेरिकेतल्या वाचातज्ज्ञ लोरेन रेमिग आणि सहकाऱ्यांनी यासाठी एलएसव्हीटी नावाची पद्धत बसवली: आठवड्याला 4 वेळा, तासभर, 4 आठवडे. अडचण अशी की पुरेशा आवाजात बोलले तरी बाबांना आपण ओरडतोय असंच वाटणार. मोबाइलवर रेकॉर्ड करून त्यांनाच ऐकवा. आधी घसा तपासून घ्या, मग ही पद्धत शिकलेला थेरपिस्ट गाठा. मुंबईजवळ असाल तर वांद्र्याच्या अली यावर जंग वाचा-श्रवण संस्थेत विचारून बघा.