हाडाच्या तुकड्याला नाव ठेवावं का?

बेसाल्टवाला
नावं ठेवणं हा आपल्या पुण्याचा जुना धंदा, पण इथे प्रश्न खऱ्याखुऱ्या नावाचा आहे. प्राणहिता-गोदावरी खोऱ्यातल्या 'कोटा' नावाच्या खडकांच्या थरात उडत्या सरपटणाऱ्या प्राण्याच्या, म्हणजे टेरोसॉरच्या जबड्याचा तुकडा मिळाला. 1974 मध्ये जीवाश्मतज्ज्ञ सोहनलाल जैन यांनी त्याला 'कॅम्पिलोग्नॅथॉइड्स इंडिकस' म्हटलं. आज हे नाव संशयास्पद धरतात, कारण जात ओळखू येईल इतकं त्या तुकड्यात काही उरलेलंच नाही. तरी ते यादीतून जात नाही, पुढच्या प्रत्येकाला आधी त्याचा निकाल लावावा लागतो. माझं मत: कवटी, दंडाचं हाड किंवा पंखाच्या बोटाचं पहिलं पेर यांतलं काहीच नसेल, तर नमुना क्रमांक द्या, 'टेरोसॉर, जात अनिश्चित' लिहा आणि थांबा.

प्रभात रोड
साफ चूक. डग्लस लॉसन यांना 1971 मध्ये टेक्सासच्या बिग बेंडमध्ये एका पंखाची काही हाडं मिळाली, बाकी काही नाही. 1975 मध्ये त्यांनी 'केट्झालकोआट्लस नॉर्थ्रोपी' हे नाव दिलं: अर्धं अझ्टेकांच्या पिसारी नागदेवाचं, अर्धं बिनशेपटीची विमानं करणाऱ्या जॅक नॉर्थ्रप यांचं. सविस्तर वर्णन आलं 2021 मध्ये. तेवढी 46 वर्षं त्याला काय 'टेक्सासचं ते मोठं हाड' म्हणायचं होतं?

आणि अख्खा सांगाडा हाती आला म्हणून ओळख बरोबर ठरते, असंही नाही. जर्मनीतल्या बव्हेरियाच्या चुनखडीतला टेरोसॉरचा जवळपास पूर्ण सांगाडा निसर्ग-अभ्यासक कोलिनी यांनी 1784 मध्ये वर्णिला आणि प्राणी समुद्रातला असावा म्हणाले. तो उडायचा, हे 1801 मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ क्यूव्हिए यांनी सांगितलं.

बेसाल्टवाला
कोलिनींचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. त्यांनी वर्णन केलं, चित्र छापलं, नाव दिलं नाही. म्हणून निस्तरायला काही उरलं नाही. लॉसन यांच्या प्राण्याचा पंखविस्तार आधी साडेपंधरा मीटर धरला होता, आता 10-11 वर आलाय.

प्रभात रोड
अहो, आकाराचा अंदाज चुकला म्हणून नाव पडत नाही! नाव बांधलेलं असतं मूळ नमुन्याशी. दंडाचं ते हाड इतर जातींपेक्षा वेगळं दिसतं का, एवढंच बघायचं.

छिन्नीहातोडी
दोघंही कागदावर भांडताय. ओळख पटवणारी टोकं बऱ्याचदा खणतानाच जातात. टेरोसॉरचं हाड पोकळ, भिंत जेमतेम मिलिमीटरभर. आधी हाड पूर्ण सुकू द्या. मग अ‍ॅसिटोनमध्ये 5 टक्के पॅरालॉइड बी-72 (हाड घट्ट धरणारी राळ) विरघळवून थेंब थेंब मुरवा. हाडात ओल राहिली तर पांढरी साय धरते आणि आतपर्यंत काही मुरत नाही. त्यावर ओल्या टिश्यूचे दोन-तीन थर, मग प्लास्टरमध्ये बुडवलेल्या गोणपाटाच्या पट्ट्या. टिश्यू चुकवलात तर कवच सोलताना हाडाची पाठ त्याबरोबर निघते. फेविक्विक तर लांबच ठेवा, सांधा तिरपा बसला तर पुन्हा सोडवताना हाडच तुटतं.

प्रभात रोड
हे मान्य. शिवाय छापण्याआधी नाव मोकळं आहे का तेही बघावं. या कॅम्पिलोग्नॅथॉइड्सचं मूळ नाव 'कॅम्पिलोग्नॅथस' होतं. ते एका कीटकाला आधीच दिलेलं निघालं, म्हणून 1928 मध्ये शेपूट जोडावं लागलं.

बेसाल्टवाला
मग त्याच कोटा थरातला बारापासॉरस बघा. 1961 पर्यंत हाडं सापडली, निदान सहा प्राण्यांची मिळून 300 च्या आसपास. नाव 1975 मध्ये: बंगालीतला 'मोठा पाय', पुढे टागोरांवरून 'टागोरी'. ते नाव अजून कुणी हलवलेलं नाही. आणि नाव देणाऱ्या चौघांत हेच जैन होते.

प्रभात रोड
तो डायनासॉर आहे हो, मांडीचं हाड माणसाएवढं. मिलिमीटरभर भिंतीची 300 हाडं एका जागी मिळेपर्यंत थांबायचं म्हटलं तर भारतातल्या टेरोसॉरचं बारसं आपल्या नातवंडांच्या हातूनही व्हायचं नाही.