दिवसभर उभे राहून दुखणारे घोटे आणि मीठपाणी

प्रश्न (खडूफळा): मी शाळेत शिकवते. सलग तासिका झाल्या की संध्याकाळी घोटे जड होतात आणि तळवे असे ठणकतात की फरशीवर पाऊल टेकवत नाही. सासूबाई कोमट पाण्यात जाडे मीठ घालायला सांगतात, तर मैत्रीण एप्सम सॉल्टचाच आग्रह धरते. खरोखर फरक पडतो का?

उत्तर (जुना वाटसरू): एप्सम सॉल्ट हे खाण्याचे मीठ नसून मॅग्नेशियम सल्फेट आहे, इंग्लंडमधील एप्सम गावच्या झऱ्यावरून त्याला ते नाव पडले. त्यातील मॅग्नेशियम त्वचेतून स्नायूंपर्यंत पोहोचते या दाव्याला भक्कम पुरावा नाही, त्यामुळे आराम मिळतो तो मुख्यतः उबेमुळे, असे माझे मत आहे. सासूबाईंचे मीठ खुशाल वापरा. घोटे बुडतील एवढ्या पाण्यात अर्धी वाटी मीठ विरघळवून १५ ते २० मिनिटे पाय ठेवावेत आणि नंतर बोटांच्या बेचक्या नीट कोरड्या कराव्यात, कारण ओल राहिली की चिखल्या होतात.

उत्तर (टाचदुखी): घरात कोणाला मधुमेह असल्यास हा उपाय डॉक्टरांना विचारूनच करावा. माझ्या वडिलांच्या तळव्यांची संवेदना कमी झाली होती. पाणी कढत असल्याचे त्यांना कळलेच नाही आणि टाचेवर आलेला फोड भरायला महिना लागला. तसेच सूज एकाच पायावर असून पोटरी दुखत असेल, तर शेकत न बसता त्याच दिवशी दाखवावे.

खडूफळा: सूज दोन्ही पायांना सारखीच आहे. आमचे घमेले मात्र उथळ आहे, बादलीच घ्यावी लागेल.