यूथ लीगच्या मॅचचा अंदाज नेमका कशावरून बांधायचा?

पेठेतला_विंगर
मंडळी एक प्रश्न आहे. आमच्या ग्रुपवर चॅम्पियन्स लीगचं प्रेडिक्शन चालतं, फक्त पॉइंट, पैसे वगैरे काही नाही, आणि आता ठरलंय की युएफाची, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेची, यूथ लीगपण घ्यायची, म्हणजे अंडर नाइनटीनवाली. सीनियरचं ठीक आहे, फॉर्म माहीत असतो, कोण इंजर्ड आहे ते कळतं. इथे पोरं कोण कुठली काहीच पत्ता नसतो. निम्मी जनता बार्सिलोना, रिअल माद्रिद, मँचेस्टर सिटी असं नाव बघून टिक करते. मला ते पटत नाही, कारण २०२३ ला एझी आल्कमारने बार्सिलोना आणि रिअल माद्रिद दोघांनाही घरी पाठवलं आणि फायनलला हायदुक स्प्लिटला ५-० ने धुतलं, कोण म्हणालं असतं आधी? तर बघायचं काय? आणि बरोब्बर स्कोअर सांगितला तर जादा पॉइंट आहेत, त्याला काही लॉजिक आहे की नुसतं अंदाजपंचे?

लाइनअप_आधी
भावा लाइनअप येईपर्यंत काही टाकूच नको. यूथची लीग फेजची, म्हणजे नॉकआउटच्या आधीच्या टप्प्यातली मॅच साधारण सीनियरच्या मॅचच्या दिवशीच नाहीतर आगेमागे असते, त्याच दोन क्लबांमध्ये, दुपारी पोरं आणि रात्री मोठे. म्हणजे सीनियर टीममध्ये दोन डिफेंडर जायबंदी असले की अकादमीतला सगळ्यात भारी पोरगा रात्री बेंचवर बसायला जातो आणि दुपारी त्याच्या जागी सोळा वर्षांचं पोर उतरतं. बार्साचा, म्हणजे बार्सिलोनाचा, लामिन यमाल २००७ चा, २०२५ ला वयाने यूथ लीगमध्ये आरामात बसत होता, पण बार्साने ती ट्रॉफी त्याच्याशिवाय जिंकली, फायनलला ट्रॅबझॉनस्पोरवर ४-१. अकादमी जितकी चांगली तितकी तिची चांगली पोरं लवकर वर जातात, त्यामुळे क्लबच्या नावावरून यूथ टीमची ताकद कळत नाही. आधी सीनियरची स्क्वाड लिस्ट उघड आणि त्यात १७-१८ वर्षांचे कोण आहेत ते बघ, त्यातच अर्धं उत्तर मिळतं.

सायली_के
वरच्याशी सहमत, अजून एक. या स्पर्धेत यायचे दोन रस्ते आहेत. एक म्हणजे तुमची सीनियर टीम चॅम्पियन्स लीगमध्ये आहे म्हणून, दुसरा म्हणजे तुम्ही आपल्या देशाची यूथ लीग जिंकलात म्हणून. दुसऱ्या रस्त्याने येणाऱ्यांना लोक हलक्यात घेतात आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं. २०२३ च्या फायनलच्या दोन्ही टीम त्याच रस्त्याने आल्या होत्या, २०२४ ला ऑलिंपियाकोस तसेच आले आणि मिलानला ३-० ने हरवून चॅम्पियन झाले, २०२५ ला ट्रॅबझॉनस्पोर. सलग तीन फायनल! माझ्या मते ही टीम चॅम्पियन म्हणून आलेली असते, पोरं एकमेकांना ओळखून असतात आणि ही स्पर्धा त्यांच्यासाठी वर्षातली सगळ्यात मोठी गोष्ट असते. मोठ्या क्लबांमध्ये कोच बऱ्याचदा यूथच्या मॅचमध्ये पोरांना वेगवेगळ्या पोझिशनवर खेळवून बघतो, निकाल नंतर.

आकडेमोड्या
स्कोअरबद्दल सांगतो. समजा तुझ्या हिशोबाने घरची टीम सरासरी १.८ गोल करेल आणि पाहुणी १.२. साध्या पॉइसन गणिताने, म्हणजे सरासरीवरून किती गोल होतील याची शक्यता काढायच्या पद्धतीने, घरची जिंकायची शक्यता येते साधारण ५१ टक्के, ड्रॉ २३, पाहुणी २५. म्हणजे तू ज्याला फेव्हरिट म्हणतोस तो जवळपास निम्म्या वेळा जिंकत नाही, हे आधी डोक्यात फिट कर. आता गंमत बघ, एकेकटा स्कोअर घेतला तर सगळ्यात जास्त शक्यता १-१ ची निघते, जेमतेम ११ टक्के, त्याच्या मागोमाग २-१. त्यामुळे विनर वेगळा ठरव आणि स्कोअर वेगळा, दोन्ही एकाच श्वासात नको. अंडर नाइनटीनला तर लीग फेजच्या सहा मॅचवर सरासरी काढायची म्हणजे एखादा ६-० आला की सगळा हिशोब फिरतो. २०२२ ची फायनलच बघ ना, बेनफिकाने साल्झबर्गला ६-० ने हरवलं, तेही आधी तीन फायनल हरल्यानंतर.

टचलाइन_ताई
मी लहान मुलांना शिकवते, अंडर थर्टीन आणि फिफ्टीन, म्हणून वयाचं सांगते. खालच्या गटात कोणाची उंची आधी वाढली यावरच मॅच ठरते, जिथे वयोगट १ जानेवारीपासून मोजतात तिथल्या अकादम्यांत जानेवारी ते मार्चमध्ये जन्मलेली मुलं जास्त दिसतात ती त्याचमुळे, निवड होते तेव्हा ती बाकीच्यांपेक्षा काही महिन्यांनी मोठी असतात. एकोणीसपर्यंत हा फरक बराच कमी होतो, पण १६ आणि १९ यांच्यात अंगापिंडाचा फरक दिसतोच, त्यामुळे दोन्ही टीमच्या जन्मतारखा बघ, युएफाच्या साइटवर मिळतात. आणि एक कळकळीने सांगते, टेलिग्रामवर "यूथ मॅच पक्की टिप" म्हणून मेसेज फिरतात तिकडे वळूही नका. ही शाळा-कॉलेजातली पोरं आहेत, त्यांच्या मॅचवर पैसे लागायला लागले की कोणीतरी त्यांच्यापर्यंत पोचतो. पॉइंटवर खेळताय ते छान आहे, तसंच ठेवा.

पेठेतला_विंगर
ताई शंभर टक्के, आमच्यात पैशाचा विषय कधीच नव्हता आणि येणार पण नाही. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर तालमीतालमींच्या टीमांची फुटबॉल मॅच असली की आम्ही अंदाज लावतोच की, पण तिथे प्रत्येक पोरगा माहीत असतो, कोण कुठल्या गल्लीतला, कोणाचा गुडघा दुखतोय. इथे तेवढं कळायला स्क्वाड लिस्टच उघडावी लागणार. अजून एक, नॉकआउटला काय टाकायचं?

लाइनअप_आधी
नॉकआउट, म्हणजे हरला की बाहेर, एकच मॅच असते आणि ९० मिनिटांत बरोबरी झाली की एक्स्ट्रा टाइम नाही, थेट पेनल्टी. त्यामुळे ग्रुपमध्ये आधीच ठरवून घ्या की ९० मिनिटांचा स्कोअर धरायचा की पुढे कोण गेलं ते धरायचं, नाहीतर भांडणं होतील. ९० मिनिटं धरत असाल तर ड्रॉ हा ऑप्शन विसरू नका, सगळे विनरच टिक करतात, तिथे पॉइंट सुटतात.