लंडन-न्यूयॉर्क: अंतर तेच, मग जाताना ८ तास आणि येताना ७ का?

प्रश्न:
पहिल्यांदाच लंडनहून न्यूयॉर्कला जाणारे आणि तिकिटं बघून डोक्याचा पार भुगा झालाय. हवाई अंतर साधारण ५,५५० किमी, विमान ताशी ९०० ने जातं धरलं तर सव्वासहा तासांत पोचायला पाहिजे ना? तर जाताना ८ तास लिहिलेत आणि येताना ७. शिवाय जाताना सकाळी ११ ला निघून दुपारी २ ला पोचणार, म्हणजे तीनच तास?? कोणीतरी नीट समजावून सांगा प्लीज, न्यूयॉर्कहून पुढे दुसरं विमान पकडायचंय.

उत्तर १:
तीन तासांचं कोडं सोपंय. निघायची वेळ लंडनच्या घड्याळाची, पोचायची न्यूयॉर्कच्या. न्यूयॉर्क ५ तास मागे, म्हणून ३ अधिक ५ आठ. येताना रात्री ८ ला निघून सकाळी ८ ला उतरलात तर १२ तासांतून ५ वजा करा, ७ उरतात. मार्चमधले दोन-तीन आठवडे आणि ऑक्टोबरअखेरचा एक आठवडा हा फरक ४ तासांचा असतो, कारण दोन्हीकडे घड्याळं उन्हाळ्यासाठी तासभर पुढे आणि हिवाळ्यासाठी परत मागे करतात, पण एकाच दिवशी नाही. जाण्यायेण्यातला तासाभराचा फरक पृथ्वी फिरते म्हणून असणार.

उत्तर २:
नाही हो, पृथ्वीबरोबर हवा पण फिरते, आणि तुमचं खरं असतं तर पृथ्वी पूर्वेकडे फिरतेय म्हणजे न्यूयॉर्कच समोरून जवळ आलं असतं आणि जातानाच वेळ कमी लागला असता! खरं कारण जेट स्ट्रीम. १०-१२ किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारा वाहतो, हिवाळ्यात तर जास्तच. ताशी १५० चा वारा पाठीशी असला तर ९०० चे १,०५० होतात आणि ५,५५० किमी सव्वापाच तासांत संपतात, तोच समोरून आला की ७५० राहतात, जवळजवळ साडेसात तास. फेब्रुवारी २०२० मध्ये ब्रिटिश एअरवेजचं एक विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत आलं होतं, ते वादळामुळे पाठीवर बसलेल्या वाऱ्यामुळेच.
आणि रस्ता तोच नसतो बरं का. अटलांटिकवरचे मार्ग वारा बघून रोज नव्याने आखतात, जाणाऱ्यांना वारा टाळणारे, येणाऱ्यांना वारा पकडणारे. त्यामुळे प्रत्यक्ष कापलेलं अंतर ५,५५० पेक्षा जास्तच भरतं.

उत्तर ३:
हे मी स्वतः बघितलंय. समोरच्या स्क्रीनवर जाताना वेग ८०० च्या आत रेंगाळत होता, येताना रात्री जाग आली तर १,०९० दिसला, आणि विमान तर अगदी शांत, जाणवत काहीच नव्हतं.
अजून एक, तिकिटावरची वेळ गेट सोडल्यापासून पुढच्या गेटला लागेपर्यंतची असते. रनवेपर्यंत जाणं, तिथली रांग, उतरल्यावर गेटपर्यंत सरकणं हे सगळं त्यात येतं, अर्धा-पाऊण तास सहज जातो. म्हणून किमीला वेगाने भागून कधीच जुळणार नाही.
पुढच्या विमानात किती वेळ ठेवलाय? इमिग्रेशन न्यूयॉर्कलाच होणार, बॅगा पण तिथेच घेऊन परत द्याव्या लागतात. माझं एकदा दीड तासात विमान चुकलंय आणि रात्र खुर्चीवर काढलीये. निदान तीन तास ठेवा.

प्रश्नकर्ता:
बापरे, मी पावणेदोन तासच ठेवले होते! संध्याकाळी ६ चं विमान आहे, तेच घेतो. खूप खूप आभार सगळ्यांचे.