जास्तीचे जीवाश्म मुलांना वाटायचे आहेत: कोणते द्यावेत, कोणते देऊ नयेत?

व्हिटबीकर (प्रश्न)

इंग्लंडमध्ये यॉर्कशायरला राहतो. किनाऱ्यावर सुटे सापडलेले जीवाश्म साठलेत, ते आता वाटायचे आहेत. हिशोब असा: व्हिटबीचे डॅक्टिलिओसेरस ॲमोनाइट (वेटोळ्या शंखाचा समुद्री प्राणी) ६०, बेलेम्नाइट (स्क्विडसारख्या प्राण्याचा गोळीसारखा कठीण भाग) ५०, रॉबिन हुड्स बेचे ग्रायफिया शिंपले १५, शेपी बेटावरचे शार्कचे दात ३० आणि डॉर्सेटमधल्या चारमथचे सोनेरी चमकीचे छोटे ॲमोनाइट २०. एकूण पावणेदोनशे नग.

इथल्या मराठी शाळेत ८ ते १२ वर्षांची २० मुलं आहेत, त्यांना प्रत्येकी एक पाकीट द्यायचं आहे. मे महिन्यात नाशिकला जाणार आहे, तेव्हा तिथल्या एका शाळेसाठी एक खोकं न्यायचं आहे.

एका मुलाला किती नग पुरेत? देण्याआधी धुवावेत का, वार्निश लावावं का? आणि दोन पालकांनी विचारलंय की ॲमोनाइट शाळिग्राम म्हणून देवघरात ठेवला तर चालेल का. त्यांना काय सांगू?

हातोडी-छिन्नी

सगळ्यात आधी चारमथचे २० नग बाजूला काढा. ते कुणालाच देऊ नका, निदान मुलांना तरी नाही. ती सोनेरी चमक पायराइटची, म्हणजे लोह आणि गंधकाच्या खनिजाची आहे. हवेतला ओलावा आणि ऑक्सिजन मिळाला की पायराइटचं लोहाचं सल्फेट होतं आणि सोबत गंधकाम्ल सुटतं. सल्फेट जास्त जागा मागतं, म्हणून जीवाश्म आतून फुटतो. आम्ल खालचा पुठ्ठा, लेबल आणि शेजारचा चुनखडीचा जीवाश्मही खातं. हवेतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर राहिली की हे झपाट्याने होतं. मुंबई-कोकणात पावसाळ्यात ती ८० च्या पुढे असते, नाशिकचा श्रावणही कोरडा नसतो. आज चकचकीत दिसणारा नग गणपतीपर्यंत पिवळट भुकटी होऊ शकतो, आणि मुलाला वाटतं की आपल्याच हातून बिघडला.

ओळखायला वजन बघा. पायराइटची घनता ५ च्या आसपास, कॅल्साइटची (चुनखडीतल्या खनिजाची) २.७. सारख्याच आकाराचा नग हातात जवळपास दुप्पट जड लागतो. शेपीचे दातही भिंगाखाली तपासा, कारण तिथल्या मातीत पायराइट भरपूर आहे आणि ते दाताच्या मुळाच्या खाचांत बसतं. मुळाशी सोनेरी किंवा काळपट-पितळी ठिपके दिसले तर तो दात चारमथच्या डब्यात टाका.

उरलेल्यांचं वाटप मी असं करेन. प्रत्येक पाकिटात पाच नग: एक अख्खा ॲमोनाइट, एक तुटका, दोन बेलेम्नाइट, एक दात. तुटका मुद्दाम द्या, कारण आतले कप्पे त्यातच दिसतात. अख्ख्यात नुसती नक्षी दिसते, तुटक्यात प्राणी कसा वाढला ते कळतं. बेलेम्नाइटपैकी एक टोकदार आणि एक आडवा मोडलेला निवडा. मोडलेल्या तोंडाला पाणी लावून उजेडात धरलं की मधल्या बिंदूपासून बाहेर जाणारे कॅल्साइटचे तंतू आणि खोडासारखी वलयं दिसतात. २० मुलांना ४० ॲमोनाइट, ४० बेलेम्नाइट आणि २० दात लागतील. ग्रायफिया १५ च आहेत, वाटायला पुरणार नाहीत. ते नाशिकच्या खोक्यात घाला, वर्गात हातोहात फिरवायला तेच चांगले. जाड, बोथट असतात, पडले तरी सहसा मोडत नाहीत.

पाचापेक्षा जास्त देऊ नका. पंधरा नग मिळालेलं मूल आठवड्यात सगळे एका डब्यात ओततं आणि कुठला कुठला ते कायमचं हरवतं.

आता धुणं. समुद्रावरून आणलेल्या जीवाश्मात मीठ असतं, आणि ते वर येताना पृष्ठभागाचे पापुद्रे काढतं. व्हिटबीचे ॲमोनाइट, बेलेम्नाइट आणि ग्रायफिया साध्या पाण्याच्या बादलीत बुडवा, दोन दिवसांनी पाणी बदला, असं दोन ते तीन आठवडे चालू द्या. मग सावलीत वाळवा. वाळल्यावर पांढरी साय दिसली तर अजून आठवडाभर. ज्यांना करडा मऊ शेल (चिखलाचा पापुद्री खडक) चिकटला आहे ते मात्र बुडवू नका, तो पाण्यात फुगतो आणि वाळताना जीवाश्माला घेऊन सुटतो. तिथे कोरडा टूथब्रश पुरे.

वार्निश नको, नेलपॉलिश तर नकोच. ते पिवळं पडतं आणि सोलपटतं. सुटणारा भाग धरून ठेवायचाच असेल तर पॅरालॉइड बी-७२ (एक ॲक्रिलिक राळ) ॲसिटोनमध्ये ५ टक्के विरघळवून ब्रशने एक पातळ हात द्या. ॲसिटोन लावला की तो पुन्हा निघतो. हे काम खिडकी उघडी ठेवून आणि मुलं घरात नसताना.

लेबलवाली

वरच्या उत्तरात लेबल राहिलं. माझ्या मते पाकिटातली सगळ्यात मोलाची वस्तू तीच. लेबल नसलेला ॲमोनाइट शोभेचा दगड होतो, त्याच्यावरून कुणाला काही शिकता येत नाही.

नुसतं "ॲमोनाइट, इंग्लंड" लिहू नका. असं लिहा (तिसऱ्या ओळीत खडकाचं नाव, भूवैज्ञानिक काळ आणि वय):

डॅक्टिलिओसेरस (ॲमोनाइट)
व्हिटबी, यॉर्कशायर, इंग्लंड
व्हिटबी मडस्टोन, टोआर्शियन, सुमारे १८ कोटी वर्षं
किनाऱ्यावर सुटा सापडला, महिना व वर्ष
दुरुस्ती: नाही

शेवटची ओळ गाळू नका. कुठे चिकटवला असेल, पॅरालॉइड लावलं असेल तर तिथेच लिहा. नवशिक्याला पुढे बाजारात रंगवलेले, जोडलेले, कोरलेले नग दिसणारच आहेत. "दुरुस्ती" हा प्रश्न विचारायची सवय पहिल्या पाकिटापासून लागू दे. आणि महिना नक्की आठवत नसेल तर फक्त वर्ष लिहा, अंदाजाने महिना घालू नका.

साध्या बॉलपेनची शाई उडते. पेन्सिल किंवा पिगमेंट शाईचं पेन वापरा, कागद आम्लरहित. लेबल जीवाश्मासोबत मोकळं ठेवलं की घासून पुसतं, म्हणून त्याला वेगळी छोटी झिप पिशवी. नगावरही आकडा टाका: सगळ्यात कमी नक्षीच्या जागी पॅरालॉइडचा ठिपका, वाळल्यावर पांढऱ्या ॲक्रिलिकचा ठिपका, त्यावर बारीक पेनने आकडा, वरून पुन्हा पॅरालॉइड. तोच आकडा लेबलवर. पिशव्यांची अदलाबदल झाली तरी मग जोडी लागते.

डबा म्हणून सहा अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे छान. पाच खण जीवाश्मांना, सहावा लेबलांना. आत कापूस घालू नका, त्याचे धागे ॲमोनाइटच्या बरगड्यांसारख्या उंचवट्यांत आणि दाताच्या कडांत अडकतात आणि ओढून काढताना टोकं मोडतात. टिश्यू पेपर चुरगाळून घाला. घरात तीन वर्षांखालचं भावंड असेल तर पालकांना दातांबद्दल आवर्जून सांगा, ते सहज घशात जातात.

कृष्णशिळा

शाळिग्रामाबद्दल. पालकांचा प्रश्न अगदी रास्त आहे. नेपाळातल्या काळी गंडकीच्या पात्रातले चक्र असलेले शाळिग्राम हे ॲमोनाइटच आहेत, जुरासिक काळातल्या समुद्रतळावरच्या काळ्या गाठी. ज्याला आपण चक्र म्हणतो ती शंखाची वेटोळी आणि त्यांच्यावरचे उंचवटे. मुलांना जीवाश्म म्हणजे काय ते समजवायला यापेक्षा जवळचं उदाहरण नाही. आजीच्या देवघरात असेल तर तो आणि व्हिटबीचा शेजारी ठेवून बघू द्या.

पण परंपरेने शाळिग्राम म्हणजे गंडकीचाच. व्हिटबीचा दगड त्या नावाने देऊ नका, लेबलवर व्हिटबीच राहू दे. देवघरात ठेवायचा की नाही हे त्या घराने ठरवावं. ठेवलाच तर एक गोष्ट स्पष्ट सांगा: रोजचं स्नान, पंचामृत, लिंबू याला लावू नये. दही आणि लिंबाचं आम्ल कॅल्साइट विरघळवतं, आधी उंचवटे बोथट होतात, मग नक्षी जाते. आणि चारमथचा पायराइटवाला तर पाण्याने नुसता भिजला तरी बिघडायला सुरुवात होते. फूल आणि अक्षता वाहायला काहीच हरकत नाही.

व्हिटबीकर

मनापासून आभार. चारमथचा डबा उघडला तर २० पैकी ३ नगांवर पिवळट-पांढरी भुकटी आहे आणि आगपेटीसारखा वास येतोय. ते तीन टाकून द्यायचे का? बाकीच्या १७ चं काय करू?

हातोडी-छिन्नी

तो वास गंधकाचाच. तीन नग लगेच वेगळे करा, त्यांच्याखालचा पुठ्ठा फेकून द्या, लेबलांचा फोटो काढून नवीन लेबल लिहा. जुनं लेबल फाडू नका, वेगळ्या पिशवीत ठेवा. भुकटी कोरड्या ब्रशने झाडा, पाण्याने अजिबात नाही. हातमोजे घाला. संग्रहालयात अमोनियाच्या वाफेने आम्ल मारतात, पण ते घरी करायचं काम नव्हे. तीनही खूप फुटले नसतील तर तुम्हीच ठेवा आणि वर्गात दाखवा: हा बिघडलेला, हा चांगला. असा नमुना मुलांना सहसा बघायला मिळत नाही.

१७ नग घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिक डब्यात, सोबत सिलिका जेल. एक लिटरच्या डब्याला २५-३० ग्रॅम पुरे. आत छोटा आर्द्रतामापक ठेवा, काटा ४० च्या खाली राहिला पाहिजे. जेलचा रंग बदलला की ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन-तीन तास तापवून पुन्हा वापरा. निळ्या रंगाचं जेल नको, त्यात कोबाल्ट असतं. केशरी घ्या. पॅरालॉइडने हे दुखणं थांबत नाही, त्यातून बाष्प आत जातंच.

चारमथचे नग वाटणार नसलात तरी अजून एक बघा. चारमथ ज्या पट्ट्यात येतं, लाइम रेजिस ते बर्टन ब्रॅडस्टॉक, तिथे पश्चिम डॉर्सेटची जीवाश्म-संकलन संहिता लागू आहे. नेहमीचे सुटे ॲमोनाइट ठेवायला अडचण नाही, पण वेगळं काही, हाड, मासा, कीटक, अनोळखी आकार, त्या २० मध्ये असेल तर चारमथच्या हेरिटेज कोस्ट सेंटरमध्ये नोंदवा.

झिओलाइटवाला

नाशिकच्या खोक्याबद्दल. माती परवान्याशिवाय भारतात आणता येत नाही, म्हणून ग्रायफियाच्या पोटातला चिखल आणि दाताच्या खाचांतली माती टूथपिकने पूर्ण काढा. चिखल भरलेला शिंपला सामानात ठेवू नका. नगांची यादी आणि "किनाऱ्यावर सापडलेले जीवाश्म, शाळेसाठी, विक्रीसाठी नाही" असा एक कागद खोक्यात वरच ठेवा. खोक्यात खोकं करा, मधे चारही बाजूंनी पाच सेंटिमीटर चुरगाळलेला कागद. हलवल्यावर काही खुळखुळलं तर पुन्हा भरा.

नाशिकच्या मुलांना हे जास्त भावेल असं वाटतं, कारण त्यांच्या पायाखाली बेसाल्ट आहे. लाव्हाच्या थरात ॲमोनाइट सापडणार नाही, आणि का नाही हा तासभराचा उत्तम धडा आहे. महाराष्ट्रात जीवाश्म आहेत ते पूर्वेला: नागपूरकडे दोन लाव्हांच्या मधल्या गाळात गोड्या पाण्यातल्या गोगलगायी, चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुऱ्याला डायनासोरची हाडं, गडचिरोलीत सिरोंचा तालुक्यात वडधमचं जीवाश्म उद्यान. तिथे जाऊन बघावं, उचलून आणू नये, बदल्यात देण्यासाठी तर मुळीच नको.

शाळेला परत काही द्यावंसं वाटलंच तर खाणीच्या मलब्यातला स्टिल्बाइट किंवा अपोफिलाइट (बेसाल्टच्या पोकळ्यांतली स्फटिक खनिजं) सुचवा. ओकेनाइटचे कापसासारखे गोळे आणि स्कोलेसाइटच्या सुया नकोत. ओकेनाइट बोट लागलं की चपटा होतो, आणि सुया टिश्यूत गुंडाळल्या की टिश्यूसकट निघून येतात.