कायटिनेजमध्ये हल्ला करतं कोण?

सुंगटखाऊ: म्हापशाच्या बाजारातल्या सुंगटांच्या (कोळंबीच्या) सालींवर एमेस्सीचा प्रोजेक्ट चाललाय, सेराशिया मार्सेसेन्स या जिवाणूचं कायए, म्हणजे सालींतल्या कायटिनच्या साखळ्या तोडणारं कायटिनेज एन्झाइम. बाकी बऱ्याच ग्लायकोसिडेजमध्ये (साखरांमधला बंध तोडणाऱ्या एन्झाइममध्ये) दोन आम्लधर्मी अमिनो आम्लं असतात ना, एक प्रोटॉन देणारं, एक साखरेच्या कार्बनवर हल्ला करणारं, मग इथे एकटं ग्लुटामेट ३१५च का दाखवतात? परवा व्हायवा आहे!!

मांडवीकाठ: अरे दुसरं सब्स्ट्रेटमध्येच, म्हणजे तुटणाऱ्या कायटिनमध्येच बसलंय. ग्लुटामेट प्रोटॉन देतं आणि त्याच वेळी -१ जागेवरच्या (तुटणाऱ्या बंधाला लागून असलेल्या), होडीसारख्या वाकलेल्या साखरेच्या एन-ॲसिटाइलचा ऑक्सिजन स्वतःच तिच्या सी-१ कार्बनवर चढतो, ऑक्सॅझोलिनियम रिंग होते, मग पाणी येऊन ती उघडतं. सी-१ ची रचना दोनदा उलटते म्हणून शेवटी बीटाचं बीटाच.

सुंगटखाऊ: आणि ॲस्पार्टेट ३१३?

मांडवीकाठ: ते वळून ॲसिटाइलला नीट धरून ठेवतं. सगळं टिम बॅरलच्या (एन्झाइमच्या पिंपासारख्या घडीच्या) चौथ्या बीटा पट्टीच्या टोकाला.

जुनालॅबवाला: साली तशाच टाकू नकोस हां, आधी आम्लात चुना काढ, फसफसायचं थांबेपर्यंत, मग अल्कलीत प्रोटीन. तरी स्फटिकासारखं घट्ट कायटिन कायए हळूच खातं, जोडीला सीबीपी२१ हे त्याच जिवाणूचं प्रोटीन घाल, ते साखळ्या ऑक्सिडेशनने तोडतं, हे २०१० मध्ये कळलं, त्यासाठी तांबं वापरतं हे त्यानंतर. वास मात्र हॉस्टेलभर, आमच्या वॉर्डनला विचार 😄